चौकीच्या कपाटातला तिरंगा

मी तिरंगा बोलतोय, पण खांबावरून नव्हे. पेडणे तालुक्यातल्या एका पोलीस चौकीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत मी पडून आहे. एका अंगाला चोरीच्या मोटरसायकलची नंबरप्लेट, दुसऱ्या अंगाला फेणीच्या बाटल्या. संगत बरी मिळाली म्हणायची! पिशवीला चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर माझं नवं नाव लिहिलंय, मुद्देमाल.

जन्माने मी खादीचा. हाताने कातलेलं सूत, हातमागावरचं कापड. तीन पट्टे शिवून माझं अंग झालं. मधल्या पांढऱ्यावर निळं चक्र दोन्ही बाजूंनी असं छापलं की एकीकडची आरी पलीकडच्या आरीवर बरोबर बसावी. आमच्यात चूक खपत नाही. चक्र जरा सरकलं, लांबी-रुंदीचं माप बिघडलं की झेंडा बाद. पणजीच्या दुकानातून गावच्या मंडळाच्या लोकांनी मला आणलं तेव्हा मी कडक, ताठ आणि खरं सांगायचं तर थोडा शिष्टही होतो.

गाव नदीकाठचं. धक्क्याजवळ मंडळाचा खांब होता आणि मला चढवायचं काम धाकूकडे होतं. धाकू मूळचा सावंतवाडीकडचा. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला आला आणि बायकोच्या गावी, इथेच राहिला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभ्या उभ्या गंजला. रिकाम्या बसलेल्या माणसाच्या हाती मंडळाने माझी दोरी दिली. दर रविवारी आणि सणावारी तो अंघोळ करून यायचा, चपला लांब काढायचा आणि माझ्या घडीत आबोलीची फुलं ठेवून गाठ मारायचा. ती गाठ एका हिसक्यात सुटायची. फुलं खाली पडायची आणि वारा मला हातात घ्यायचा. त्या क्षणाइतका मी दुसऱ्या कशात जगलो नाही.

गावच्या शाळेतले यशवंत गुरुजी दर वेळी माझा अर्थ सांगायचे. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, चक्र म्हणजे गती. लोक ऐकत आणि घड्याळाकडे बघत. धाकू मात्र मनापासून ऐकायचा. मग घरी मला ओट्यावर पसरून घडी घालताना सुमंगलाला, म्हणजे बायकोला, स्वतःचा अर्थ सांगायचा.

"गुरुजी सांगतत ता खरा. पण माका विचारशीत तर वयलो रंग तुझ्या आबोलीचो, मधलो आगरातल्या मिठाचो नि खालचो आपल्या शेताचो."

"आणि चाक?"

"चाक माझा. ता थांबला की मानूस संपलो."

सुमंगला हसायची. वाऱ्याने माझी हिरवी कड उसवली तेव्हा तिनेच ती शिवली. हिरवा दोरा घरात नव्हता, म्हणून मोरपंखी वापरला. नियमात बसत नसेल, पण तो टाका मला अजून आवडतो.

शेवटी वाऱ्यापुढे खादीचं किती चालणार? शिमग्यानंतर मी कडेपासून चक्रापर्यंत फाटलो. मंडळाचा सेक्रेटरी देवेश, जो हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो, त्याने एक चकचकीत पॉलिएस्टरचा झेंडा आणला आणि मला धाकूच्या हातात ठेवलं.

"काका, ह्यो जाळून टाका. एकांतात, मानान जाळूचो, असो नियमच आसा."

नियम खरा होता. फाटलेल्या झेंड्याला आगीत निरोप देतात आणि त्यात अपमान नसतो. मला ते ठाऊक होतं. पण धाकूचा चेहरा उतरला. मला घेऊन तो परसात गेला, काडी ओढली, विझू दिली. परत ओढली, परत विझू दिली.

"माझ्या हातान ता जमाचा नाय," तो सुमंगलाला म्हणाला. "देव भंगलो तर कोण आगीत घालता काय? पाण्यात सोडतत."

या मुलखात तीच रीत. तडकलेली मूर्ती, काच फुटलेली तसबीर, देवावरचं निर्माल्य, सगळं हात जोडून नदीत. त्याच्या लेखी मीही त्यातलाच. मला अभिमान वाटावा की भीती, तेच कळेना.

"मगे सुकती बघून सोडा," सुमंगला म्हणाली. "नायतर परत येतलो."

धाकूचा जन्म खाणीच्या धुळीत गेलेला, त्याला भरती-सुकतीचं, म्हणजे भरती-ओहोटीचं, गणित कुठून येणार? सकाळी तो गुडघाभर पाण्यात उतरला. पाणी चढत होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण झेंड्याला वाऱ्याशिवाय आवाज नसतो आणि मी घडीत होतो. माझ्यावर आबोली ठेवून तो म्हणाला, "जा बाबा दर्यात. चुकला माकला माफ कर." त्याचे डोळे भरले होते. मला पाण्यात सोडून तो मागे न बघता गेला.

भरतीने मला दर्यात नेलं नाही, उलट वर लोटलं. कांदळवनाच्या मुळांत मी अडकलो, उलगडलो, चिखलात लोळलो. कुर्ल्या अंगावरून फिरल्या. आबोली केव्हाच वाहून गेली होती.

होडीतून फिरणाऱ्या पर्यटकांना मी दिसलो. देवेश धावत आला. फोन समोर धरून तावातावाने बोलला, "बघा, आमच्या तिरंग्याची ही दशा! कोणी केलं हे, गावाला कळलंच पाहिजे!" संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पणजीपर्यंत पोचला. मग पोलिसांनी मला उचललं आणि देवेशच्या नजरेस तो मोरपंखी टाका पडला. हा आपणच काकांना दिलेला झेंडा, हे त्याने ओळखलं. त्याने फोन खिशात घातला आणि तो गर्दीत मागे सरकला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तोंड उघडलं असतं, 'मीच दिला होता, काकांचा हेतू वाईट नव्हता' एवढंच म्हणाला असता, तर बरंच काही वाचलं असतं. पण व्हिडिओला शाबासकी मिळत होती.

धाकू आपल्या पायांनी चौकीवर आला.

"झेंडो मी सोडलंय."

हवालदार चमकला. "कित्याक?"

धाकूने देवाचं, पाण्याचं, काड्यांचं सगळं सांगितलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं. तो पलीकडच्या गावचा, त्याच्या घरच्याही तसबिरी नदीतच गेल्या होत्या.

"काका, म्हाका कळता. पूण तक्रार जाली, व्हिडिओ सगळ्यांनी फोनार पळयला. आता कोर्टाक सांगचें पडटलें."

मी टेबलावरच होतो. एकमेव साक्षीदार! पण साक्षीदाराचा झाला मुद्देमाल, आणि मुद्देमालाची जबानी कोण घेतो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पंधरा ऑगस्टला धक्क्यावर नवा झेंडा चढला. चौकी जवळच आहे, मला बरंच ऐकू आलं, उरलेलं हवालदारांच्या बोलण्यातून कळलं. दोरी देवेशच्या हातात होती. गाठ सुटेना. लोक कुजबुजले. "धाकूक बोलवा रे," कोणीतरी म्हणालं आणि लगेच जीभ चावली. धाकू कुंपणाबाहेर उभा होता. शेवटी कसाबसा झेंडा सुटला, राष्ट्रगीत झालं. त्यात धाकूचा जाड आवाज मी ओळखला. कुंपणाबाहेरून, पण शेवटपर्यंत.

मग तो जामिनाच्या अटीप्रमाणे हजेरी द्यायला चौकीवर आला. हवालदाराने कशासाठी तरी कपाट उघडलं होतं. धाकूने मला पाहिलं. बोळा झालेला, चिखल वाळलेला, हिरवा वर आणि केशरी खाली दबलेला.

"सायबानू, जरा घडी नीट करू? केशरी खाली गेलो हा."

"हात लावूंक मेळना, काका."

धाकूने लांबूनच हात जोडले. त्याची बोटं हवेतच माझी घडी घालत होती. कपाट बंद झालं.

आता खटला कधी संपेल कोण जाणे. तोवर मला ना खांब, ना नदी, ना आग. माझं चक्र त्या बोळ्यात चेपलंय आणि धाकू दारातल्या ट्रकशेजारी बसून असतो. मला चिंता माझी नाही, त्याची आहे. माझा अपमान झाला असं सारे म्हणतात. अहो, मला कोणी विचारलंत का? एवढ्या मानाने मला दुसऱ्या कोणीच निरोप दिला नसता.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढं करा. कोर्टाने मला सोडलं की दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. धाकूच्या परसात न्या. त्याला सांगा की आगीला मी भीत नाही. आबोलीची चार फुलं द्या आणि काडी त्याच्याच हातात द्या. पहिली काडी विझेल, दुसरीही विझेल. थांबा तिसरीसाठी. मला दुसऱ्या कोणाचा हात नको.