निंबापर्यंत एका दमात

तीस साली इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्हा सोलापूरकरांची साल सांगायची तेव्हा हीच पद्धत होती. आमच्या चर्चचं एक तरुण मंडळ होतं. संध्याकाळी आम्ही मिलच्या चाळीत जायचो, मुलं गोळा करायचो. गाणी, गोष्टी, थोडी अक्षरं, नखं कापणं आणि शेवटी प्रार्थना. मुलींकडे मी बघायची, मुलांकडे सिद्धाराम मास्तर. पुढं आमचं लग्न झालं, त्यामुळं ते नाव लिहिताना अजून हात अडखळतो. नुसतं मास्तरच म्हणते.

फुला तिथंच भेटली. मोहोळकडच्या धनगराची पोर, असेल नऊ-दहा वर्षांची. बाप वारल्यावर तिची आई राजाबाई दोन लेकरं घेऊन सोलापुरात आली आणि मिलमध्ये कामाला लागली. धाकटा येडू नुकता चालायला लागला होता. आई कामावर गेली की तो दिवसभर फुलाच्या कडेवर.

फुला गुणी होती, पण राग आला की तिचं तिला भान राहत नसे. हातात येईल ते फेकायची, चावायची. मग कोपऱ्यात बसून स्वतःच रडायची. एकदा येडूनं कडेवर बसून तिची वेणी ओढली. तिनं त्याला अशी चापट मारली की पोराचा ओठ फुटला. संध्याकाळी राजाबाईनं ते रक्त बघितलं आणि ठरवून टाकलं. पोरीला गावाकडं, चुलत्याकडं धाडायची. मेंढरांमागं फिरेल.

मी विचारलं, मग येडूला कोण सांभाळणार? राजाबाई खाली बघून म्हणाली, शेजारची बजाबाई बघेल. बजाबाई कशी बघते ते साऱ्या चाळीला ठाऊक होतं. सकाळी अफूची गोळी द्यायची आणि लेकराला गोधडीत गुंडाळून ठेवायचं. तेव्हा मिलमधल्या कितीतरी बायांची लेकरं अशीच झोपून दिवस काढत. फुलालाही ते ठाऊक होतं. तिनं माझा पदर धरला.

"बाई, येडूला गोळी देत्याल. मला राग न्हाय येणार, तुमी आईला सांगा की."

मी राजाबाईच्या हातापाया पडले. चुलता बाळासो नाताळानंतर मंगळवारच्या बाजाराला बकरी घेऊन येणार होता. तोवर बघते, एवढंच ती म्हणाली.

आम्ही आम्हाला येत होतं तेच शिकवलं. राग आला की हात जोड, डोळे मीट आणि येशूला हाक मार. फुला मनापासून करायची. पण चाळीतली पोरं बिलंदर. तिनं डोळे मिटले की कोणी टपली मारून पळायचं, कोणी झग्याला काटे चिकटवायचं. आमच्या प्रार्थनेनं त्यांना चांगलीच सोय करून दिली होती. एके दिवशी फुला वैतागून म्हणाली, "डोळं मिटलं की त्येचंच त्वांड दिसतंय, बाई. मंग आनकी राग येतुया."

मास्तर हसले नाहीत.

आमच्याकडे मुलीही हुतुतू खेळायच्या. चाळीतल्या बाया त्यावरून आम्हाला नावं ठेवायच्या, पण मास्तरांनी ते बंद केलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते फुलाचा खेळ बघत उभे राहिले. हुतुतू म्हणत ती पलीकडे शिरली. पोरींनी तिचे पाय धरले, वेणी ओढली, तिला मातीत लोळवली. तिनं कुणाला ओरखडलंसुद्धा नाही. दम सुटला तशी झगा झटकत बाहेर येऊन बसली. मास्तरांनी विचारलं, वेणी ओढली तरी राग कसा आला नाही?

"तोंडात हुतुतू हाय की," फुला म्हणाली. "राग कुटं मावंल?"

मग मास्तरांनी तिला नवा नियम घालून दिला. राग आला की हुतुतू सुरू करायचं आणि चौकातल्या निंबापर्यंत जायचं. दम सुटेल तिथं खाली बसायचं. मग काय मारायचं ते मार.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नळावर एका बाईनं तिची घागर सरकवली. ही हुतुतू करत निंबाकडे गेली आणि परत येईपर्यंत तिची पाळीच गेली. मग तिनं घागरच त्या बाईच्या पायावर आपटली. सगळा नळ आम्हालाच हसला. राजाबाई मला म्हणाली, खेळानं कुठं राग जातो का बाई, तुमचं आपलं काहीतरीच. पण फुलानं सोडलं नाही. नाताळापर्यंत चाळीला त्या आवाजाची सवय झाली. हुतुतू ऐकू आलं की बाया म्हणायच्या, निघाली गाडी.

तो मंगळवार उजाडला. मास्तर शाळेत होते, मी एकटीच गेले. राजाबाईनं खाडा केला होता. फुलाचं गाठोडं दारात ठेवलेलं, आणि बाळासो तंबाखू मळत ओट्यावर बसलेला. मी समजावून बघितलं. राजाबाईनं पोरीची वेणी घालायला घेतली होती, ती संपता संपत नव्हती.

फुलानं निघताना येडूला शेवटचं कडेवर घेतलं. गाठोडं बघून त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं दोन्ही मुठींनी तिची नवी वेणी पकडली आणि सारा जीव लावून ओढली. वर तिच्या कानाला चावला.

फुलाचा हात वर गेला. राजाबाई उठली. बाळासो जागेवरूनच म्हणाला, "आता बगा वैनी, हानतीया का न्हाय."

हात तसाच वर राहिला. मग अगदी बारीक आवाजात, दातांतून सुरू झालं. हुतुतुतुतु. फुलानं येडूला जपून आईच्या पायाशी ठेवलं आणि निंबाकडे चालू लागली. निंबाच्या अलीकडेच तिचा दम सुटला. तिथंच ती मातीत बसली, कान चोळत.

तिकडून येडू दुडूदुडू निघाला, पडत, उठत. तिच्यापाशी पोचला आणि तिच्या मांडीत जाऊन बसला. तिनं त्याचं नाक पुसलं, आपल्या झग्यानं.

बाळासोनं विचारलं, "ह्ये काय मंतर म्हनती पोरगी?"

राजाबाईनं दारातलं गाठोडं उचलून आत नेलं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "भावजी, राहू द्या तिला. माझ्या लेकराला कुनाची गोळी नगं."

त्या रविवारी प्रार्थनेआधी फुला मास्तरांच्या कानाशी गेली. देवाला हुतुतू चालतं का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, तुझ्यापुरतं तर त्याला तेच आधी ऐकू येतं.

मग आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मी थोडे उघडे ठेवले होते. फुलानंही ठेवले होते. पाठीमागं कोण टपली मारतंय ते ती बघत होती, आणि मांडीवरच्या येडूच्या हातातली वेणी हळूच सोडवत होती.