बारीक होत गेलेली रेघ

वायूवर लेझरचा किरण सोडला की विखुरलेल्या प्रकाशात रेघा मिळतात. रेणू एकमेकांवर सारखे आदळत असतील तर रेघ जाड. नळीतला दाब उतरला, धक्काबुक्की कमी झाली, की बारीक. सरांचं म्हणणं वेगळं होतं. तासन्‌तास प्रकाशात ठेवलं की रेणू आपोआप शिस्तीला लागतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. वर्गातल्या मुलांवर तो लागू पडला नव्हता, म्हणून ते वायूकडे वळले होते.

नळीत दाबून भरलेला कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला ना वास, ना रंग. माणूस मारायला मात्र पुरेसा. गळती झाली तर ओरडणारं यंत्र मागवलेलं होतं; ते तीन वर्षं खरेदीच्या फायलीत सुखरूप होतं. नळीच्या खोलीला खिडकी नव्हती. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, उजेड शिरू नये म्हणून दाराच्या फटींना काळी पट्टी. आत आरसे सांभाळत प्रयोगशाळेतले मदतनीस मामा बसत. विभागातले सगळेच त्यांना मामा म्हणत, पण प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचे ते सख्खे मामा.

चार दिवस मामांचं डोकं ठणकत होतं. सरांनी चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. दाबाचा काटा रोज उतरतोय, असंही मामा म्हणाले. सरांनी त्या दाबमापकावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि विषय मिटवला.

पाचव्या दिवशी सकाळी सर आणि मामांची भाची बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. रेघ डोळ्यांदेखत बारीक होत होती. सरांना आनंद आवरेना. मामांनी हलू नये, असं त्यांनी बंद दाराबाहेरून बजावलं. आतून ‘बरं’ आलं. थोड्या वेळानं पुन्हा बजावलं, तेव्हा काहीच आलं नाही. इतका स्थिर माणूस आपल्याला आजवर मिळाला नव्हता, असं सर म्हणाले.

ती उठली. “सर, ही शिस्त नाही. दाब पडतोय. वायू आत जातोय, मामांकडे.”

“उजेड शिरला तर सकाळ वाया जाईल,” सर म्हणाले. “दहा मिनिटं. मग उघड.”

प्रबंधावर सही सरांची लागणार होती. ती बसली.

दार उघडलं तेव्हा मामा खुर्चीतच होते, मान छातीवर. चेहरा गुलाबी, चांगली झोप झाल्यासारखा.

मृत्यूच्या चौकशी समितीनं तिच्याकडून त्या सकाळचा, रेघेच्या जाडीचा आलेख मागवला. सर बाजूला बसून, आकडे फार स्वच्छ आले आहेत, असं हळूच सांगत होते. अध्यक्षांनी विचारलं, गळती कळली कधी?

तिनं उतरत्या रेषेवर बोट ठेवलं. “इथं.”

“आणि दार?”

तिनं बोट उजवीकडे सरकवलं. कागदावर त्या दहा मिनिटांचं अंतर जेमतेम नखाएवढं होतं. अध्यक्षांना चष्मा लावूनही दिसेना. त्यांनी तिला पुन्हा दाखवायला सांगितलं.