रविवारची दाढी

"डॉक्टरची चिठ्ठी आहे का?" एनॉक हार्टलीने दार अर्धंच उघडून विचारलं.

"दाढी करायला चिठ्ठी?" दारातली एडा ब्रिग्ज म्हणाली. "बाबांना जिना उतरवत नाही, मिस्टर हार्टली. शेजारचे म्हणाले, आजाऱ्याची दाढी घरी येऊन केली तर कायद्याला चालते."

"शेजारचे बरंच काही म्हणतात."

तसं कायद्यात होतंच. १९३१ सालापासून रविवारी न्हाव्याने धंदा करायचा नाही असं ठरलं होतं. फक्त ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याची दाढी घरी जाऊन करायची मुभा होती. पण इंग्लंडमधल्या या बर्नली गावचे विणकर हुशार. आठवडाभर मागावर ताठ उभे राहणारे हे गडी रविवारी सकाळी कंबर धरून झोपायचे, न्हाव्याला बोलवायचे, आणि त्याची पाठ वळली की गुळगुळीत गालांनी कोपऱ्यावर गप्पांना हजर. मग गावातल्या न्हाव्यांच्या संघानेही डोकं चालवलं. चोरून धंदा करणारे पकडायला त्यांनी आपलेच खोटे आजारी पेरले.

एनॉक जानेवारीत एकदा पडदे ओढून संघानेच पाठवलेल्या गिऱ्हाइकाची दाढी करताना सापडला होता. पुन्हा सापडला तर चौपट दंड, म्हणजे दुकानच विकायचं. आणि हे ब्रिग्ज कुटुंब गल्लीत राहायला येऊन तीनच आठवडे झाले होते.

"जा की," आतून त्याची बायको नेली म्हणाली. "तुला आता आरशातला माणूससुद्धा संघाचा वाटायला लागलाय."

"तो तरी ओळखीचा आहे," एनॉक म्हणाला आणि त्याने पेटी उचलली.

वरच्या खोलीत म्हातारा जेथ्रो ब्रिग्ज उशीला टेकून बसला होता. गाल लालबुंद, आवाज खणखणीत.

"या, या. दुपारी चॅपलचे पाद्री प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस द्यायला येणार आहेत. पन्नास वर्षांत दाढी वाढलेली असताना रविवार पाहिला नाही मी."

एनॉक ब्रश भिजवायला वाकला आणि त्याचं लक्ष खाटेखाली गेलं. तिथे मोठाले बूट होते. त्यांवरचा चिखल अजून ओला होता.

"फिरून आलात वाटतं?"

"हो, या कुशीवरून त्या कुशीवर," म्हातारा हसला. हसताहसता त्याला खोकला आला. असले हुकमी खोकले एनॉकने पुष्कळ ऐकले होते. समोरच्या घराचा पडदा किंचित हलला. एनॉकने वस्तरा मिटला.

"उद्या सकाळी येतो. पहिला नंबर तुमचा."

"अहो, पण पाद्री आज येणार," एडा म्हणाली.

"उद्या सोमवार आहे, बाई. सोमवारी मला कुणाची भीती नाही."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "कुणीतरी फार फसवलेलं दिसतंय तुम्हाला," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

सोमवारी एनॉक गेला नाही. सापळ्यात दुसऱ्यांदा पाय कशाला घाला?

बुधवारी एडा दुकानात आली. एनॉक एका गिऱ्हाइकाला साबण लावत होता.

"बाबा काल गेले," ती म्हणाली.

एनॉकने ब्रश खाली ठेवला.

"पाद्री आले तेव्हा रजई नाकापर्यंत ओढून बसले होते. प्रभुभोजनापुरती खाली केली, तीही हाताने हनुवटी झाकून."

"ते बूट..." एनॉक म्हणाला.

"माझे. मी त्या सकाळी कोळसा वेचायला गेले होते, येऊन तिथेच काढले. माझे पाय मोठे आहेत, मिस्टर हार्टली. गिरणीत सगळे हसतात." तिने दुकानाचं दार उघडून धरलं. "आता तरी याल का? आज रविवार नाही."

एनॉकने गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण पुसला. "उद्या ये, टॉम," तो म्हणाला, आणि भर बुधवारी दारावरची पाटी उलटी फिरवून तो तिच्यामागून निघाला.

वरच्या खोलीत त्याने गरम पाणी मागितलं.

"गरम कशाला?" एडाने विचारलं. मग तीच खाली जाऊन किटली घेऊन आली.

एनॉकने पाण्याचा थेंब आधी आपल्या मनगटावर टाकून पाहिला. मग साबणाचा फेस म्हाताऱ्याच्या थंड गालावर हळूहळू पसरला.

"चटका बसत नाही ना?" त्याने विचारलं, आणि वस्तरा हातात धरून तो जरा थांबला.