काटे खाणाऱ्याला दुर्बीण कशाला?

वेसाव्यातली मांजरं उपाशी राहायला लागली, तेव्हा कल्पिताच्या लक्षात आलं की आपण एक वाक्य अर्धवट बोलून बसलो आहोत.

हे वाक्य तिने रविवारी जेवताना काकांना ऐकवलं होतं. हरेश्वरकाका म्हणजे कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. वय एकसष्ट, आणि आवाज असा की ते घरात 'मीठ दे' म्हणाले की शेजारच्या तीन घरांतून मीठ यायचं. कल्पिताचे वडील गेल्यावर काका-काकींनीच तिला वाढवलं, शिकवलं. आता ती गोरेगावच्या एका प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरवर पीएच.डी. करत होती. काका मात्र लोकांना सांगायचे, "आमची कल्पिता आतड्यांत हाय." कुणाचा मुलगा बँकेत असतो, तसं.

"पण तू करतेस काय गं नक्की दिवसभर?" त्या रविवारी त्यांनी विचारलं.

"काका, आतड्याच्या पेशींच्या अंगावर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. कॅल्शियम येऊन त्यांना चिकटलं, की ते पेशीला सांगतात, बाई, वाढणं पुरे, आता कामाला लाग. म्हणून कॅल्शियम नीट खाणाऱ्यांत हा कॅन्सर जरा कमी दिसतो. पण..."

तेवढ्यात सगुणाकाकीने कालवण वाढलं आणि 'पण' त्या कालवणात बुडाला.

सोमवारी आरोग्य शिबिराचे रिपोर्ट आले. शिबिरात कोळीवाड्यातल्या चाळीस पुरुषांनी, एकमेकांच्या नजरा चुकवत, शौचाच्या नमुन्याच्या छोट्या डब्या जमा केल्या होत्या. त्यातल्या सात डब्यांत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. यादीत पहिलं नाव चेअरमनसाहेबांचं.

"दुर्बिणीतून आतडं बघावं लागेल," शिबिराच्या डॉक्टर जानकी म्हणाल्या.

"बघा की. दुर्बीण घालणार कुठून?"

डॉक्टरांनी सांगितलं. काका उठले, चपला घातल्या आणि घरी आले. चपला डॉक्टरांच्या होत्या.

संध्याकाळपर्यंत त्यांना रविवारचं वाक्य आठवलं होतं. मग काय, समाजमंदिरात भाषणच झालं. "साठ वर्सं मांदेली काट्यासकट खाल्ली मी! आतमंदी कॅल्शियमचं गोदाम हाय. आमची कल्पिता सोता सांगते, कॅल्शियम असलं की क्यान्सर नाय. मग दुर्बीण कशाला?"

यादीतल्या उरलेल्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही दुर्बिणीचा मार्ग कळला होता.

दुसऱ्या दिवसापासून सातही जण काटे खायला लागले. मांदेलीचे, बांगड्याचे, पापलेटचा मधला कणा. दिपेश नावाच्या खलाशाने घोळ माशाचं डोकं चावायला घेतलं आणि दाढ गमावली. ती दाढही कॅल्शियमच, म्हणून त्याने फेकली नाही. ताटं अशी लख्ख परत जायला लागली की बायकांना घासायला काही उरेना. बुधवारी अकरा मांजरं काकांच्या ओट्यावर येऊन बसली. ओरडत नव्हती. नुसती बघत होती.

गुरुवारी सगुणाकाकी बाजारातून आली, पाटी खाली ठेवली आणि मांजरांच्या रांगेतच बसली.

"माझ्या भावाचं असंच झालं गं," ती कल्पिताला म्हणाली. "रक्त पडतंय म्हणून सांगितलंच नाय त्याने. लाज वाटली. पोटात दुखायला लागलं तवा गेला डॉक्टरकडे, चार महिन्यांत सोनापूरच्या मसणात. ह्यांचं तसं झालं ना, तर तुझं ते पीएच.डी. मी खाडीत बुडवीन."

कल्पिताने त्याच दुपारी लॅपटॉप उघडून काकांना आलेख दाखवला. काकांनी तो आडवा, मग उभा बघितला आणि म्हणाले, "भरती-ओहोटी बरोबर दाखवलीय."

"काका, तुम्ही माझं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. धोका कमी होतो म्हणाले मी, संपतो नाही म्हणाले. आणि पेशी एकदा बिघडली ना, की बऱ्याचदा ती रिसेप्टरच काढून टाकते."

"काढून टाकते म्हंजे?"

कल्पिताने लॅपटॉप मिटला. "बंदीच्या दिवसांत चोरून मासे मारायला जाणारी बोट सगळ्यात आधी काय करते?"

"वायरलेस बंद करते, हलकट!" काकांचा आवाज चढला. अशा तीन बोटी त्यांनी स्वतः पकडून दिल्या होत्या.

"मग किनाऱ्यावरून तुम्ही किती बोंबललात तरी तिला ऐकू येतं?"

"घंटा येतं!"

"तेच. कॅल्शियम म्हणजे तुमची बोंब. रिसेप्टर म्हणजे वायरलेस. चोर पेशीने तो बंद केलाय. आता तुम्ही देवमाशाचा सांगाडा गिळलात तरी उपयोग नाही."

ओट्यावरचं एक मांजर पुढे सरकलं.

"मग पकडायचा कसा त्याला?"

"तुम्ही कसा पकडता?"

"बोट घेऊन जावं लागतं तिथपर्यंत," काका म्हणाले आणि आपणच बोललेलं ऐकून खाली बसले. मग म्हणाले, "जाईन गं. पण मी भाषण दिलंय. आता एकटा कसा जाऊ?"

शुक्रवारी सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला : चेअरमन आणि सहा सभासद आपापल्या आतड्यांचा पाहणी दौरा करतील. सूचक दिपेश. अनुमोदन द्यायला बाकीचे कचरत होते, तेव्हा सगुणाकाकी मासे कापायचा कोयता घेऊन दारात उभी राहिली. ठराव एकमताने मंजूर.

तपासणीआधी आतडं साफ करायचं औषध सातही जणांनी एकाच सकाळी प्यायलं, ही दौऱ्यातली एकमेव चूक. गल्लीत संडास चार. त्या दिवशी वेसाव्याने जी धावपळ बघितली, ती होड्यांच्या शर्यतीतही बघितली नव्हती. दिपेश शेवटी नात्यातल्या माणसाकडे जातो सांगून रिक्षाने जुहूला पळाला, आणि तिथल्या हॉटेलात चहा न पिता चार तास बसून आला.

दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर कल्पिता आणि काकी बसल्या होत्या. काकीने देवाचं नाव घेतलं, मग डॉक्टरांचं, मग नवऱ्याला एक शिवी घातली, आणि पुन्हा देवापासून सुरुवात केली. कल्पिता रोज ज्या पेशी काचेखाली बघायची, त्या कुणाच्यातरी काकांच्या असतात, हे तिला त्या बाकावर पहिल्यांदा जाणवलं.

तासाभराने डॉ. जानकी बाहेर आल्या. "दोन पॉलिप होते. काढलेत, तपासायला पाठवलेत. लक्षणं चांगली आहेत. पण आणखी चार-पाच वर्षं तसेच राहिले असते, तर तेव्हा मी अशी हसत आले नसते."

काकीने डॉक्टरांचा हात धरला तो सोडेचना. माशांचा वास आता दोन दिवस जाणार नाही, हे डॉक्टरांनाही कळलं. त्यांनी हात तसाच ठेवला.

काका भुलीतून नुकते जागे होत होते. डोळे अर्धे मिटलेले, चेअरमनकी पूर्ण उघडी.

"सापडला का चोर?"

"दोन सापडले," कल्पिता म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"रडतेस काय? केवढे होते?"

डॉक्टरांनी बोटांच्या चिमटीत दाखवलं. "मोठा आठ मिलिमीटर."

काकांनी ती चिमूट नीट निरखली. चेहऱ्यावर घोर निराशा पसरली.

"एवढं पिल्लू? डॉक्टर, आमच्यात एवढं लहान असलं तर परत सोडून देतात."

"आमच्यात नाही," डॉक्टर जानकी म्हणाल्या, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून त्यांनी कागद काकांच्या नाही, काकीच्या हातात दिला.