एकशे ऐंशी चौकोन

नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची चार वर्षं आनंदराज सरांनी मला शिकवलं आणि एकदाही 'चांगलं' म्हटलं नाही. परवा त्यांचा निरोप समारंभ होता. माझं वय बेचाळीस, डोक्यावर टक्कल, तरी तो शब्द मला हवाच होता.

साठ वर्षांपूर्वी कॉम्प्युटरनं काढलेलं एक चित्र सर वर्गात दाखवायचे. वर चौकोनांच्या शिस्तशीर रांगा, खाली येता येता सगळे वाकडे होत विस्कटलेले. तसं चित्र नव्यानं कोड लिहून काढायचं आणि सरांना भेट द्यायचं मी ठरवलं. वीस ओळींचं काम, मला तीन आठवडे लागले. चौकोन वाकडे व्हायचे, पण मनासारखे वाकडे होईनात. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी लॅपटॉप बदलायच्या गोष्टी करू लागलो. शेवटी जमल्यासारखं वाटलं आणि लातूरहून नांदेडच्या फ्लेक्सवाल्या गुरुलिंगला फाइल पाठवली.

समारंभाला पोचलो तर भिंतीवर फ्लेक्स लागलेला, आणि सगळे चौकोन सरळ. गुरुलिंग शिडीवरून खुशीत उतरला.

"फाइल बिघडून आलती साहेब. लई वाकडे झालते. दुपारभर माउस धरून एकशे ऐंशी चौकोन एकेक हातानं सरळ केले."

खाली 'शुभेच्छुक' म्हणून माझा गॉगलवाला फोटोही त्यानं आपल्या मनानं टाकला होता. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात सर आले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मीही नीट बघितलं. वरच्या रांगा अगदी सरळ होत्या, खालच्या मात्र जराजरा कललेल्या. गुरुलिंगचा हात दमला होता.

"हे मशीनचं वाटतच नाही," सर म्हणाले. "खाली येता येता थकवा दिसतो. चांगलं केलंस."

वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द आला, आणि तो माझा नव्हता. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? फोटो तर माझाच होता. पण सरांसमोर खोटं बोलायचं धाडस मला कॉलेजात नव्हतं आणि आताही नव्हतं.

"सर, हे गुरुलिंगनं केलंय. माझे वाकडे होते, ते यानं सरळ केले."

सर पोट धरून हसले. गुरुलिंगच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तुझे वाकडे कुठंयत?"

मी लॅपटॉप उघडला. सरांनी दोन मिनिटं पाहिलं.

"खाली फार घाई केलीस. पुन्हा कर आणि घरी आणून दाखव."

निवृत्त झालेल्या माणसानं मला गृहपाठ दिला होता, आणि मला कोण आनंद झाला.