सोड्यांचा रिकामा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि माझ्या अंगाला वास येतो. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, कारण मलाही एका गोष्टीची किळस आली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. मृणालिनीताईंच्या लग्नात मी रुखवतात बसलो होतो. भांडीवाल्याने टकटक करत माझ्या पोटावर त्यांचं नाव कोरलं, तेव्हा फार दुखलं. पुढे त्याच नावाचा मला तोरा चढला. त्यांच्याबरोबर मी दादरच्या घरी आलो आणि माझ्यात सोडे भरले गेले. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. या घरात सोन्याच्या खालोखाल मान सोड्यांना. खिचडीत सोडे, वांग्यात सोडे, पोह्यांतसुद्धा सोडे! आलेले पाहुणे झाकण उघडून डोळे मिटत आणि म्हणत, "वा, मृणालिनी!" त्या काळी मला घरात फार भाव होता.

मग मृणालिनीताई गेल्या. मी रिकामा होऊन फडताळाच्या वरच्या फळीवर जाऊन पडलो. झाकण अर्धवट लागलेलं होतं. एक झुरळ आत शिरून तिथेच मेलं आणि त्याच्या सोबतीने मी कित्येक महिने काढले. याहून घाण आपल्या वाट्याला काही येणार नाही, असं मला वाटलं होतं. मी चुकलो.

मृणालिनीताईंची मुलगी ऋग्वेदा कॉलेजात आहे. चित्रं काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर तिची लानशी मैत्री झाली. लान व्हिएतनामची. दोघींचे रोज व्हिडिओ कॉल चालत, सगळं इंग्रजीत. एकदा तिचे बाबा, म्हणजे चिंतामणराव, ओंजळभर सोडे घेऊन मध्येच कॅमेऱ्यासमोर आले. लान हसून म्हणाली, "अंकल, याल तेव्हा माझ्यासाठी घेऊन या!"

सुट्टीत बापलेकीचं व्हिएतनामला जायचं ठरलं. बाबांनी मला खाली काढलं, झुरळ झटकलं, चिंच लावून घासलं. स्वतः बाजारात जाऊन सोडे निवडून आणले, त्यांना पुन्हा ऊन दिलं आणि मला काठोकाठ भरलं.

"बाबा, प्लीज, हे नको ना. अख्ख्या बॅगेला वास लागेल."

"अगं, तिने स्वतः मागितलेत."

"ती पोलाईटली बोलली हो! लोक असं नुसतं बोलतात."

"बोलू देत. आपण खरं धरायचं," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझं झाकण दाबलं.

हो ची मिन्ह शहराच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग आली, तेव्हा शेजारच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. ऋग्वेदा चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. बॅगेपासून लांब आणि बाबांपासूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लानच्या घरी जायचं होतं. बाबा आंघोळीला गेले आणि तिने मला बाहेर काढलं. हॉटेलच्या पॅसेजमध्ये मोठी कचरापेटी होती. तिच्यात कुणाचा तरी खरकटा नूडल्सचा कप होता, वापरलेले कापसाचे बोळे होते, केसांचा गुंता होता. त्यावर तिने सोडे ओतले. बाबा बाहेर येताच ती न्हाणीघरात शिरली आणि गुलाबाच्या वासाच्या साबणाने तिने मला धुतलं. शी! सोड्यांचा वास हा वास आहे. पण सोड्यांवर गुलाब म्हणजे शिसारी. आईच्या नावावरून तिचा अंगठा फिरला, पण थांबला नाही. "बाबा उघडतील तेव्हा बघू," असं पुटपुटत तिने मला पिशवीत ठेवलं. सोडे मुळात हलके, त्यामुळे बाबांच्या हाताला काही कळलं नाही.

लानचं घर एका चिंचोळ्या गल्लीत होतं. चपला काढून सगळे चटईवर बसले. समोर चहा होता, आणि शेजारी एका ताटलीत लालसर, वाळवलेली कोलंबी.

"माझ्या आईने वाळवलीय," लान म्हणाली. "मी तुमच्या सोड्यांची वाट बघतेय. दोन्ही शेजारी ठेवून वास घ्यायचाय."

ऋग्वेदाचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा मात्र असे खुलले! "अगं, हे तर आपलेच भाऊबंद!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी मला पुढे केलं आणि झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं.

बाबांनी काठावरून बोट फिरवलं. बोटाला साबणाचा बुळबुळीतपणा लागला. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

ती घाईघाईने लानला म्हणाली, "बाबा भरायलाच विसरले बहुतेक. आई गेल्यापासून ते सगळंच विसरतात."

मित्रांनो, मेलेल्या झुरळाचीसुद्धा मला इतकी किळस आली नव्हती.

बाबांनी बोट रुमालाला पुसलं. मग त्यांनी मान हलवली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हो, हो. मी विसरतो हल्ली."

लानच्या आईने हळहळून त्यांचा हात थोपटला. कुणाचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही रीत तिलाही ठाऊक असावी. तिने आपली कोलंबी माझ्यात भरली आणि बाबांच्या मांडीवर मला ठेवलं. परतीच्या टॅक्सीत बाबांनी खिडकीची काच खाली केली.

"उकडतंय का, बाबा?" ऋग्वेदाने विचारलं.

"नाही. तुला वास येईल म्हणून."

मुंबईला परतल्यावर पुन्हा कॉल आला. "बाबांचं विसरणं कसं आहे आता?" लानने विचारलं. "माझी आई रोज त्यांच्यासाठी उदबत्ती लावते." ऋग्वेदाने पलीकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो चेहऱ्यासमोर जरा वर धरला.

"बरं आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून मी ओट्यावर भरलेला उभा आहे. बाबा मला हात लावत नाहीत आणि तिला लाववत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या वासाला खुशाल नाक धरा, आम्हाला राग नाही. पण तुमच्यासाठी डबा भरणाऱ्या माणसाला चारचौघांत विसराळू ठरवू नका. तो बिचारा लगेच कबूल करून टाकतो. आणि ऋग्वेदा, मला आता घासू नकोस, पुसू नकोस. त्यांना हाक मार आणि त्यांच्यासमोर माझं झाकण उघड.