दहा घरांची एक सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे आणि माणसांना पुरती विटले आहे.

चीनमधल्या ह्वाय नदीकाठच्या लोहाराने मला घडवलं, तेव्हा एक बरं घर मिळावं एवढीच माझी अपेक्षा होती. मिळाली दहा! मंगोल बादशहाला रयतेच्या हाती पोलाद नको होतं. विळेसुद्धा कापणीपुरते मिळायचे. त्यामुळे साऱ्या गल्लीत मी एकटी. एकीचा मुळा, दुसरीचा मासा, तिसरीचा लसूण. वर दहाही जणींची तक्रार एकच, की मला धार नाही. दगडावर घासायला मात्र एकीलाही सवड नव्हती. जेवणं उरकली की पहाऱ्यावरचा अरूक नाईक मला विहिरीजवळच्या पेटीत कोंडायचा आणि किल्ली कमरेला लावून घोरत पडायचा.

तिकडे नदीच्या बांधावर वेठीला नेलेल्या लोकांनी डोक्याला लाल फडकी बांधून बंड पुकारलं. आमच्या गल्लीतले पुरुष त्यांच्या गोष्टी चवीने चघळायचे. पेटीला हात लावायची मात्र कोणाची छाती होत नव्हती.

एका दुपारी विणकराची बायको सूनियांग बाळंत होत होती. नाळेचा फास बाळाच्या गळ्याला बसला होता आणि फुटक्या वाडग्याच्या कपचीने नाळ तुटेना. तोऊ सुईण धावत विहिरीवर आली.

"नाईक, पेटी उघडा! पोर गुदमरतंय!"

"सुरीची वेळ संपली, म्हातारे. संध्याकाळी ये."

"अहो, बाळाला तुमची वेळ कळते होय?"

"आणखी ओरडलीस तर उद्याही मिळायची नाही."

मग विणकर पाया पडला. शेजारी हात जोडून उभे राहिले. विनवण्या आणि पुन्हा विनवण्या! मी आत चडफडत होते. अरे मुडद्यांनो, साध्या फळ्यांची पेटी आहे, फोडा ना! शेवटी तोऊ सुईणीनेच तिच्यावर मुसळ घातलं आणि मला घेऊन ती धावली. नाळ मी एका झटक्यात कापली. मुलगी रडली नाही.

मग कुठे गल्लीला राग आला. नाइकाला पिटाळून सगळे लाल फडकी बांधून निघाले. पुढे काही वर्षांनी बादशहा उत्तरेला पळाला, तख्त गेलं, घरोघरी सुऱ्या आल्या. पुरुष अजून आपला पराक्रम सांगत बसतात. सूनियांग उठून आत जाते.

मी आता तिच्याकडे असते. ती रोज मला धार लावते आणि दाराबाहेर, कोणाच्याही हाताला येईल अशी ठेवते. मित्रांनो, सुरी अशीच सांभाळावी. परवा शेजारची नवी सून दारात घुटमळत म्हणाली, "काकू, सुरी नेऊ का?"

सूनियांग केवढ्यांदा खेकसली, "विचारत काय बसलीस? घे आणि पळ!"